चिरालीत सात रात्री: साध्या पान्सियोनचं बुकिंग करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: म्युनिकमध्ये राहणारं मराठी जोडपं, चार वर्षांची मुलगी, आणि सांगलीहून मुक्कामाला आलेले आई-बाबा. वय 68 आणि 72, दोघंही शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात. तुर्कीच्या समुद्रकाठी सात रात्री राहायचंय, पण खाणं-पिणं सगळं बिलात धरलेलं मोठं रिसॉर्ट नको. खेड्यातलं साधं, घरगुती हॉटेल हवंय. गाव कुठलं, दिवस कुठले आणि बुकिंग करताना काय बघायचं?

तुमच्या घरासाठी मी चिराली सुचवेन. अंताल्या शहराच्या नैऋत्येला साधारण 80 किलोमीटरवरचं, केमेर तालुक्यातलं हे गाव. समोर सुमारे साडेतीन किलोमीटरचा मोकळा किनारा, मागे पाइनचं रान आणि 2366 मीटर उंचीचा ताहताली डोंगर, दक्षिण टोकाला ऑलिम्पोस या प्राचीन नगराचे अवशेष. परिसर संरक्षित असल्यामुळे इथे उंच इमारती नाहीत. संत्र्या-लिंबांच्या बागांमध्ये लाकडी बंगल्या आहेत आणि त्या एकेका कुटुंबाच्या ताब्यात आहेत. अशा घरगुती मुक्कामाला तिकडे 'पान्सियोन' म्हणतात. कासवं बघायला वेळासला जाऊन गावकऱ्यांच्या घरी राहिला असाल, तर ही पद्धत तुम्हाला परकी वाटणार नाही.

फक्त एक फरक आधीच पक्का ध्यानात घ्या. मोठ्या हॉटेलात खोली पसंत पडली नाही तर दुसरी मिळते. आठ-दहा खोल्यांच्या पान्सियोनमध्ये दुसरी खोली रिकामी नसतेच. त्यामुळे सगळी मेहनत बुकिंगच्या आधी करायची, आणि ती म्हणजे मालकाला नेमके प्रश्न विचारून लेखी उत्तरं घ्यायची.

पण त्याआधी व्हिसा, कारण सहल मोडते ती बहुतेक इथेच. भारतीय पासपोर्टवर तुर्कीचा ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. शेंगेन देश (एकाच व्हिसावर फिरता येतात ते युरोपातले देश), अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकी कुठला तरी चालू व्हिसा किंवा निवास परवाना हातात असेल तरच मिळतो, आणि तो एकाच प्रवेशाचा, 30 दिवसांचा असतो. तुम्हा दोघांचं आणि मुलीचं काम जर्मनीच्या निवास परवान्यावर होईल. मुलीचा अर्ज वेगळा भरावा लागतो. आधाराला दाखवायचा व्हिसा किंवा परवाना हातात धरता येईल असा, छापील हवा. इलेक्ट्रॉनिक व्हिसा त्यासाठी धरत नाहीत.

आई-बाबांच्या शेंगेन व्हिसावर प्रवेशांची संख्या काय लिहिली आहे ते आजच बघा. '1' असेल तर तुर्कीची कल्पना सोडून द्या. म्युनिकहून अंताल्याला उडाले की शेंगेनमधून बाहेर पडले, आणि एकदाच्या प्रवेशावर परत जर्मनीत येता येत नाही. तिथे '2' किंवा 'मल्ट' (MULT, म्हणजे अनेक प्रवेश) असं छापलेलं हवं. पुढच्या वेळी ते येणार असतील तर अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि तुर्कीचा बेत पत्रात लिहा. ई-व्हिसा काढताना सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, पत्त्याच्या शेवटी '.gov.tr' ही तुर्की सरकारची खूण आहे ना ते बघा. तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट जास्त पैसे घेतात. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असू द्या आणि व्हिसाचा कागद छापून जवळ ठेवा.

आता दिवस. मुलगी अजून शाळेत जात नाही, हा तुमचा मोठा फायदा आहे. तुर्कीच्या शाळांना जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत सुट्टी असते, तेव्हा गाव भरलेलं असतं, दर चढे असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा 34 अंशांच्या वर जातो. लाकडी बंगलीत तेव्हा दुपारभर एसी चालवून बसावं लागतं. मे महिन्यात हवा छान, डोंगर हिरवा, पण समुद्राचं पाणी 21 अंशांच्या आसपास; चार वर्षांचं लेकरू पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर येतं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते 10 ऑक्टोबर हा काळ तुमच्यासाठी सर्वात चांगला. पाणी उन्हाळाभर तापून 27 अंशांवर टिकलेलं असतं, हवा उतरलेली असते, आणि गणपती बहुतेक आटोपलेले असतात म्हणजे आई-बाबांचीही ओढाताण नाही. ऑक्टोबरच्या मध्यानंतर जर्मनीच्या काही राज्यांत शरद ऋतूची सुट्टी लागते, त्या विमानांचे दर बघितल्यावर आपोआप कळेल. महिना संपत आला की पावसाची शक्यता वाढत जाते. वसंतातच जायचं असेल तर बकरी ईद, म्हणजे तिकडचा कुर्बान बायराम, कुठल्या तारखांना येतो ते आधी बघा. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि त्या आठवड्यात निम्मं तुर्की समुद्राकडे निघालेलं असतं.

खोली निवडताना 'समुद्रापासून अंतर' हा आकडा एकटा कामाचा नाही. चिराली लांबट पसरलेलं आहे. काही पान्सियोन किनाऱ्याला लागून असलेल्या रस्त्यावर आहेत, तिथून बागेतून दोन मिनिटांत पाण्यावर. काही आत, ओढ्याच्या पलीकडे किंवा डोंगराच्या पायथ्याशी, तिथून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. नकाशावरचं सरळ अंतर दोन्हींना जवळजवळ सारखंच दिसतं. तुमच्याबरोबर लहान मूल आणि दुखरे गुडघे आहेत, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी किनाऱ्याकडचीच ओळ घ्या. दिवसातून दोनदा जाणं-येणं धरलं तर सात दिवसांत हा फरक फार जाणवतो.

मालकाला पाठवायचा निरोप असा असू द्या: माणसं किती आणि वयं काय, दोन शेजारच्या बंगल्या हव्यात की एक मोठी, आई-बाबांसाठी दोन वेगळे पलंग की एक जोडपलंग, दारापर्यंत पायऱ्या किती, न्हाणीघराच्या दाराला उंबरा आहे का, खिडक्यांना डासांची जाळी आहे का, एसी गरम हवाही देतो का, खोलीत छोटा फ्रीज आणि पाणी उकळायची किटली आहे का, गरम पाणी सौरबंबाचं की विजेचं, दर युरोत की लिऱ्यात, माणशी की खोलीचा, नाश्ता धरून का, आणि 2023 पासून लागू झालेला 2 टक्के निवासकर त्यात आला का. व्हॉट्सअ‍ॅपवर भाषांतर करून तुर्कीत पाठवलंत तर उत्तर लवकर आणि नीट येतं.

यातला सौरबंबाचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तक्रारी याच्याच जास्त होतात. छपरावरची टाकी दिवसभर तापते, समुद्रावरून सगळे सहा वाजता परततात आणि एकाच वेळी अंघोळीला जातात. आठनंतर पाणी कोमट. ढगाळ दिवसानंतर तर सकाळी गारच. विजेची जोड असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर आई-बाबांची अंघोळ दुपारी चारला उरकून घ्या. शौचालयात मात्र आपल्या लोकांची सोय असते: भांड्यातच मागे पाण्याची बारीक नळी असते आणि तिची चावी बाजूच्या भिंतीवर. कागद बहुतेक ठिकाणी टोपलीत टाकायचा असतो, भांड्यात टाकला तर खेड्यातली अरुंद नळी तुंबते.

बुकिंग जर्मनीत असतानाच पूर्ण करा. 2017 मध्ये तुर्कीतल्या न्यायालयाच्या आदेशानंतर बुकिंग डॉट कॉमवरून तुर्कीच्या आत बसून तिथलं हॉटेल घेता येत नाही. हद्दीत पोचल्यावर 'अजून दोन रात्री वाढवू' म्हणाल तर साइटवर तुर्कीची हॉटेलं बुकच होत नाहीत. तेव्हा थेट मालकाशी बोलावं लागतं. आगाऊ रक्कम बँकेतून पाठवायला सांगितली तर खात्यावरचं नाव पान्सियोनच्या किंवा मालकाच्या नावाशी जुळतं का ते बघा, आणि एक-दोन रात्रींपेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. पोचल्यावर पासपोर्ट मागतात त्यात वावगं काही नाही, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे.

पोचायचं कसं? म्युनिकहून अंताल्याला थेट विमान आहे, साडेतीन तासांच्या आसपास. विमान असं निवडा की दुपारी दोनच्या आत उतराल. अंताल्या विमानतळ ते चिराली सुमारे 90 किलोमीटर. स्वस्त मार्ग असा: विमानतळावरून ट्रामने 'ओतोगार' म्हणजे मुख्य बसस्थानक, तिथून कुमलुजाकडे जाणारी मिनीबस, आणि चालकाला 'चिराली' सांगून डी-400 महामार्गावरच्या फाट्यावर उतरणं. फाट्यावरून गाव खाली सात किलोमीटर, वळणावळणाचा उतार. तिथून दोलमुश, म्हणजे वाटून जायची मिनीबस, मिळते. दोलमुश या शब्दाचा अर्थच 'भरलेली', आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. उन्हाळ्यात वीस मिनिटांत भरते, ऑक्टोबरच्या संध्याकाळी तुम्ही पाच जण आणि दोन सुटकेसा एवढेच असाल तर चालक निघायला तयार नसतो. अंधारात त्या फाट्यावर 72 वर्षांच्या माणसाला उभं करू नका. पान्सियोनच्या मालकाला गाडी पाठवायला सांगा, जाण्याचा दर आधी ठरवा, मुलीसाठी सीट लागेल हेही लिहा. दीड तासात दारात. पाच जणांचा खर्च विभागला तर ही चैन ठरत नाही.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आई-बाबांचा आठवडा चांगला जाणं यावर अवलंबून आहे. दर ठरवताना दोन शब्द येतील: 'ओदा काहवाल्ती' म्हणजे खोली आणि नाश्ता, 'यारिम पान्सियोन' म्हणजे त्यात रात्रीचं जेवणही. पहिल्या तीन रात्री फक्त नाश्ता घ्या. स्वयंपाक बघा, आवडला तर उरलेल्या रात्रींचं जेवण मालकिणीला सकाळी सांगितलं की होतं. सातही रात्रींचं आधी बांधून घेतलं आणि शाकाहारात रोज बटाटा-भातच निघाला, तर पैसेही गेले आणि हौसही.

नाश्ता भरपूर असतो. पांढरं खारट चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, काकडी, मध, घरचं संत्र्याचं किंवा अंजिराचं जाम, अंडी, आणि एका वाटीत ताहिन-पेकमेझ: तिळाचं पातळ वाटण आणि द्राक्षाच्या रसाची काकवी एकत्र. ही वाटी आई-बाबांना पहिल्याच दिवशी आवडेल. 'सुजुक' ही मसालेदार चकती गोमांसाची असते, ती कधीकधी अंड्यातच परतलेली येते, म्हणून आधी सांगून ठेवा. कडक पाळणाऱ्यांनी हेही जाणून असावं की चीज विरजायला प्राणिज रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं, दूध साकळवणारं द्रव्य) वापरलेलं असू शकतं.

'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण कोंबडी आणि मासे पुष्कळांच्या हिशेबी त्यात येत नाहीत. वाक्य पूर्ण बोला: 'एत येमियोरुझ, तावुक वे बालिक दा येमियोरुझ', म्हणजे मांस खात नाही, कोंबडी आणि मासेही खात नाही. खरी अडचण दिसणाऱ्या मांसाची नाही, रश्शाची आहे. मसुराचं सूप आणि बुलगुरचा, म्हणजे गव्हाच्या भरडीचा, भात दिसायला निव्वळ शाकाहारी, पण कित्येकदा मांस उकळलेल्या पाण्यात केलेला. 'एत सुयू वार म?' असं विचारा, मांसाचं पाणी आहे का. आणि जेवणाच्या यादीत 'कियमा' दिसलं की थांबा, तो आपलाच खिमा.

निर्धास्त खाता येईल अशी एक पूर्ण जात आहे: 'झेयतिनयाल', ऑलिव्ह तेलात शिजवून गार करून वाढायच्या भाज्या. फरसबी, राजम्यासारखा बारबुन्या, वांग्याचा 'इमाम बायिल्दी', तांदूळ भरलेली द्राक्षाची पानं. याच जातीतली पानं गार येतात ती बिनमांसाची; गरम, दह्याबरोबर आली तर आत खिमा असण्याची शक्यता जास्त. शिवाय किसलेल्या दुधी-जातीच्या भाजीची 'मुजवेर' नावाची धिरडी (अंडं असतं), काकडी घातलेलं पातळ दही 'जाजिक', आणि खारं ताक 'आयरान'.

आणि गोझ्लेमे. हे तुमचं दुपारचं जेवण समजा. एखादी बाई जमिनीलगत बसून हातभर लांब, बोटाएवढ्या जाडीच्या लाटण्याने पोळी इतकी पातळ लाटते की खालच्या पाटाचा रंग दिसावा. त्यावर पालक, बटाटा किंवा चीज पसरून चौकोनी घडी, आणि मग फुगीर लोखंडी तव्यावर, आपल्याकडे मांडे ज्या उपड्या खापरावर भाजतात त्याच्याच नात्यातला तो तवा. वरून लोण्याचा हात. 'इस्पानाकल' पालकाचं, 'पाताटेस्ली' बटाट्याचं, 'पेयनिर्ली' चीजचं. पेयनिर आणि पनीर हे एकाच कुळातले शब्द, चव मात्र खारट. खिमा भाजलेला तवा पुसून मगच तुमचं टाकायला सांगितलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. डाळभाताची आठवण आलीच तर प्रवासी इलेक्ट्रिक कुकर नेता येईल, पण लाकडी बंगलीत तो लावण्याआधी मालकाला विचारा. जर्मनीतले दोन पिनांचे प्लग तुर्कीत तसेच चालतात. सांगलीहून आणलेल्या तीन पिनांच्या चार्जरला अ‍ॅडॉप्टर लागेल. नळाचं पाणी प्यायला नको, पाच लिटरच्या बाटल्या घ्या.

किनारा. इथे आपल्यासारखी पुळण नाही. वरच्या भागात थोडी वाळू, पाण्याजवळ गोल गोटे, आणि चार-पाच पावलांत पाणी खोल होतं. मुलीला गुहागर किंवा दिवेआगरसारखं घोटाभर पाण्यात सोडून देता येणार नाही. एक मोठं माणूस सतत हाताच्या अंतरावर हवं, आणि पोहण्याचं जॅकेट जर्मनीतूनच आणा. सगळ्यांना रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेत. साध्या चपला लाटेत निसटतात, अनवाणी पाय गोट्यांवर मुरगळतो, आणि दुपारी ते तापलेले असतात. किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य समुद्रातून उगवतो आणि दुपारनंतर लवकर डोंगराआड जातो. म्हणून सकाळी आठ ते अकरा ही पाण्याची वेळ, चारनंतर सावलीत फिरण्याची.

हा किनारा कासवांचाही आहे. मोठ्या डोक्याचं समुद्री कासव, 'करेटा करेटा', मेपासून इथे अंडी घालतं आणि पिल्लं सप्टेंबरपर्यंत बाहेर पडत राहतात, म्हणजे तुमच्या आठवड्यातही एखादं घरटं शिल्लक असू शकतं. वेळासचं ऑलिव्ह रिडले याचंच नातलग, फक्त तिकडे पिल्लं हिवाळ्यानंतर बाहेर पडतात. इथल्या घरट्यांवर जाळीचे पिंजरे ठेवलेले दिसतील. छत्रीचा दांडा मागच्या वाळूत खुपसू नका, तो थेट अंड्यांत जाऊ शकतो. छत्री पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यातच लावा. मुलीने केलेले खड्डे निघताना बुजवा, कारण तळहाताएवढंही नसलेलं पिल्लू त्यात पडलं की वर येत नाही. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर जाऊ नका, मोबाइलचा दिवाही नको. पिल्लं रात्री सर्वात उजळ क्षितिजाकडे चालतात. निसर्गात ते समुद्राकडे असतं, आणि तुमचा टॉर्च मागे लागला तर ती उलटी रस्त्याकडे वळतात आणि सकाळच्या उन्हात मरतात. मुलीला हे आधी गोष्टीसारखं सांगून ठेवा, ती तुमच्यापेक्षा काटेकोर पाळेल.

बघण्यासारखं काय? यानारताश, म्हणजे जळता दगड. डोंगरउतारावर खडकाच्या भेगांतून मिथेनयुक्त वायू येतो आणि ज्वाला हजारो वर्षं जळत आहेत. ग्रीक पुराणातल्या किमेरा राक्षसाची कथा याच जागेशी जोडतात. अंधारात ज्वाला उठून दिसतात, पण तिकीटखिडकीपासून सुमारे एक किलोमीटरची ओबडधोबड दगडी पायऱ्यांची चढण आहे. बाबांना नेऊ नका. चढताना जमेल, पण टॉर्चच्या उजेडात उतरताना गुडघे जवाब देतील. तुम्ही दोघांनी एकेक संध्याकाळ वाटून जा. ऑलिम्पोसचे अवशेष किनाऱ्याच्या दक्षिण टोकाशी, तिथे वाट बरीचशी सपाट आणि झाडीतली आहे. सकाळी उघडताच गेलात तर पाचही जणांना जमेल. आई-बाबांना उंचावरून समुद्र दाखवायचा असेल तर ताहतालीचा रोपवे: 726 मीटरवरून निघून 4350 मीटर तारेवरून थेट शिखराजवळ. वर खालच्यापेक्षा दहा-बारा अंश थंडी असते, स्वेटर घ्या. वारा असला की बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करायला सांगा.

युरोपातलं मोफत रोमिंग तुर्कीत चालत नाही. विमान उतरण्याआधी डेटा बंद करा, आणि ई-सिम घ्यायचं तर म्युनिकमध्येच बसवून या. ते विकणाऱ्या अनेक परदेशी साइट तुर्कीतून उघडत नाहीत. युरोपचं आरोग्यकार्डही तिथे उपयोगाचं नाही, म्हणून पाचही जणांचा प्रवास विमा काढा, आई-बाबांचा रक्तदाब-मधुमेह त्यात लिहून. नेहमीच्या गोळ्या दहा दिवसांच्या न्या. मोठा दवाखाना लागला तर कुमलुजा किंवा केमेर, आणीबाणीला 112. रोख लिरा अंताल्यातच काढून ठेवा आणि एटीएमने 'युरोत हिशेब करू का' विचारलं तर नाही म्हणा, तो दर महाग पडतो.

परतीच्या दिवशी विमानाच्या पाच तास आधी गाव सोडा. डोंगरी रस्त्यावर वेळ जात नाही, जातो तो अंताल्या शहरात शिरताना, कोन्याआल्तीच्या बाजूला. गाडी आदल्या रात्री पुन्हा पक्की करा आणि विमान पहाटेचं असेल तर मालकिणीला सांगून ठेवा. नाश्त्याचे डबे बांधून मिळतात, त्यातून सुजुक वगळायला तेवढं आठवणीने सांगा.